हातमोजा घातलेली घंटा

पिंपरीतल्या आमच्या चर्चच्या सणाची व्यवस्था माझ्याकडे होती. वेळ होताच घंटेचा दोर ओढला, तर नुसतं ‘थप’ झालं. वर पाहिलं, तर घंटेच्या लोलकाला जाड हातमोजा बांधलेला होता.

मागच्या बाकावर एकजण हसला. हा दर रविवारी चाकणच्या कंपनीतली शिफ्ट संपवून थेट येई आणि बूट बाकाखाली सरकवून बसे. आज त्याच्या खिशातून जोडीचा दुसरा हातमोजा डोकावत होता.

“ताई, वर चिमणीचं घरटं आहे. घंटा जोरात वाजली की अंडी खाली.”

“मग घरटं काढू. आज सण आहे!”

त्यानं डोळे मिचकावले. “फादर सांगतात, पोटातला जीव देवाचा. मग अंड्यातला काय कंपनीचा?”

तेवढ्यात फादर आले. “घंटा का नाही वाजली?”

“फादर, वर बाळंतपण आहे,” मी म्हणाले.

मागून खणखणीत ‘आमेन’ आलं.