पत्र्याच्या विहारातली खीर

मेणबत्तीखाली मेण साचतं, तसे आमच्या कुंभार पिंपळगावच्या विहारात किस्से साचलेत. विहार म्हणजे काय, चार भिंती आन् वर पत्रे! दुष्काळाच्या साली दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी आम्ही बाया तिथं वंदनेला जमायचो.

वंदना सखूअक्का घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "डोळे मिटा, मन शांत करा." जरा वेळानं कोंडाबाई घोरायला लागली. मी तिला हलवलं, तर अक्का मलाच रागावल्या, "राहू दे! सगळ्यात तिचंच जमलंय!"

शेजारची रशीदाचाची दाराशी शेळी बांधून बसायची. कोंडाबाईनं विचारलं, "चाची, तुम्हाला आमची वंदना चालती का?"

चाची म्हणाली, "दुआ मैं मेरीच करती, हवा तुम्हारी खाती!"

माझी पोर तेव्हा तान्ही. अंगावरचं दूध आटलेलं. तिच्या रडण्यातला जोर गेल्ता. सकाळी उठले की आधी तिच्या नाकाशी बोट धरून बघायची. शेवटी तिच्या दंडाला काळा दोरा बांधला आणि वरून झबलं ओढलं.

कोंडाबाईला दिसलाच! "आपल्यात दोरे असतात का? तोड!"

अक्का म्हणाल्या, "दोऱ्याला दूध लागत न्हाई, पोरीला लागतं. आधी ते बघा." मग माझ्याकडं वळल्या, "पोटभर पिती ना गं?"

"हो."

"सुमे, खोटं न बोलायचं शील आत्ताच घेतलंस. अजून गरम हाय ते!"

मंग मी सगळं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी अक्कानं मला दवाखान्यात नेलं. नर्सबाई म्हणाली, वरचं दूध द्या. गावातल्या गाई-म्हशी चारा छावणीत, दूध आणायचं कुठून?

तेवढ्यात वैशाखी पौर्णिमा आली. खीर तर करायचीच. कुणी मूठभर तांदूळ आणले, कुणी गुळाचा खडा. चाचीनं तांब्याभर शेळीचं दूध आणलं. "लेव, तुम्हारे खीर के वास्ते."

अक्का मला म्हणाल्या, "सातवी शिकलीस ना? आज वंदना तू घे. पोर दे इकडं, मी चुलीपाशी बसते."

वंदना झाली. कोंडाबाईनं पातेल्यावरचं झाकण काढलं. आत नुसता गूळभात!

"अक्का, खीर कुठंय? बुद्धापुढं ठेवायचं काय?"

अक्काच्या मांडीवर माझी पोर होती, हातात रिकामी वाटी-चमचा.

"हळू बोल," अक्का म्हणाल्या. "खीर ढेकर देऊन राह्यली!"