‘येतो’ म्हणणारा शेजारी

जिथे आपण पुन्हा पाऊल ठेवणार नाही, तिथून निघताना ‘येतो’ म्हणणे बरोबर आहे का? हा प्रश्न मला जर्मनीत इंगोलश्टाटमधल्या माझ्या मराठी शेजाऱ्यामुळे पडला. गेल्या वर्षी तो, मी आणि आणखी एक मित्र असे आम्ही तिघे अमेरिकेतल्या जुन्या रूट सिक्स्टी-सिक्सवरून गाडीने फिरलो. मोटेलच्या रिकाम्या खोलीलाही तो दारातून ‘येतो’ म्हणत असे. ‘येतो’ हे वचन आहे, ते खोटे देऊ नये, असे मी त्याला समजावत असे.

एका म्हाताऱ्या मालकिणीचे मोटेल लवकरच बंद होणार होते. तिथून बरेच पुढे आल्यावर त्याने गाडी वळवायला लावली.

“काय विसरलास?” गाडी चालवणारा मित्र वैतागला.

“तिला ‘येतो’ म्हणायचं राहिलं.”

“अरे, तिला मराठी कळतं का? आणि तू परत कधी येणार इथे?”

“गेनाऊ! अगदी बरोबर, म्हणून तर म्हणायचं.”

आम्ही मागे फिरलो आणि तो तिच्या दारात जाऊन ‘येतो’ म्हणाला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती हात हलवत होती.

मागच्या महिन्यात तो कायमचा नाशिकला परतला. स्टेशनवर त्याने बॅग उचलली. “चल, येतो.”

“ये,” मी म्हणालो. “लवकर ये.”

वाचकांनी अशा वेळी एकदा ‘जातो’ म्हणून पाहावे आणि जमते का, ते स्वतःच तपासावे.