गाण्याबिगर एकतारी

आमच्या आळंद तालुक्यात माझ्यावानी एकतारी वाजवणारा दुसरा झाला न्हाई. तार एक, बोट एक, आन ते बोट हलवायला शाळा बी लागत न्हाई, म्हनून तर घरच्यांनी ते काम मला दिलं होतं.

खजुरीत आम्ही दोघं भाऊ भजनं करायचो. गानारा माझा थोरला भाऊ, अण्णा. मी त्याच्या मागं बसून एकतारी धरायचो. तिचा भोपळा घागरीएवढा, त्यामुळं आवाज खालचा, जाड. बाया म्हनायच्या, कुनाची म्हस पोटातनं वरडायली बघा. अण्णाची एकच हौस होती, एकदा तरी गुलबर्ग्याच्या रेडिओवर गावं.

एकदा भजनाहून परत येताना हुमनाबादच्या ढाब्यावर थांबलाव. अण्णा लॉरी बघायला गेला. मी उगंच तार छेडीत बसलो. शेजारच्या बाजंवर एक सायेब च्या पीत होते, ते उठून आले. रेडिओचेच निघाले. म्हनले, "गाना नक्को जी. बस, ये घूं होना. आधा घंटा." मंग नीट समजावलं. टाळ नको, बोल नको, नुसता हा खालचा आवाज हळूहळू चालू द्यायचा. ऐकनाऱ्याला वाटावं काईच व्हईना, आन तरी त्याचं डोकं थंड व्हावं. गुरुवारी खजुरीला येऊन पुन्यांदा ऐकतो, मंग स्टुडिओचा दिवस ठरवू.

अण्णा लॉरी ठरवून आला. मी म्हनलो, "रेडिओवाल्यांनी बोलावलंय." त्याचं तोंड असं फुललं की 'गाना नक्को' हे मी गिळूनच टाकलं.

घरी बेत सुरू झाले. अण्णानं मिरची सोडली, ताक सोडलं. कोनतं पद आधी, कोनतं मागून, यावर रोज अंगनात बैठक.

"स्टुडिओत पंखा लावत न्हाईत म्हनं. आन खोकला आला तर रं?"

"गरम पानी नेऊ की," मी म्हनायचो. ज्याला बोलावलंच न्हाई त्याच्या घशासाठी मी बाजारातनं ज्येष्ठमध आनून दिलं.

अण्णाच्या बायकोनं, माझ्या वहिनीनं, मला ल्हानाचा मोठा केलेलं. ती इचारायची, "तू कामून चोरावानी जेवायलास?"

"रेडिओचं भ्याव वाटायलंय, वहिनी."

गुरुवारी सायेब आले. अण्णा धुतलेलं धोतर नेसून पुढं बसला, खाकरला. सायेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आन माझ्याकडं बोट केलं. "आप नै जी. ये."

अण्णा माझ्याकडं वळला. "तुला ठाव होतं?"

"व्हय."

अण्णा सरकला आन मला पुढची जागा दिली. "वाजीव."

मी वाजवलं. जरा येळ बरं चाललं, मंग बोट पळायलं, मधीच अडायलं. आजवर अण्णा दम घेईल तितं मी थांबायचो, तो चढला की मी रेटायचो. आता पुढं कुनीच न्हाई. बैल सुटलेल्या गाडीवानी मी उताराला लागलो. च्या उकळंल एवढा येळ बी धरवंना. सायेब घड्याळ बघायले.

"तार जुनी हाय," मी म्हनलो.

तवा अण्णा माझ्या म्होरं येऊन बसला. तोंड मिटलं, आन मनातच पद म्हनायला लागला. गळा हलायला, छाती वर-खाली व्हायली. माझं बोट आपोआप त्याच्या मागं चालाय लागलं. सायेबांनी डोळे झाकले ते बोट थांबंस्तवर उघडले न्हाईत. मंग म्हनले, दोघंबी या, पर भावाचा आवाज येता कामा नये.

"न्हाई येनार, सायेब," अण्णा म्हनला. "खोकला आला तर भाईर जाऊ का?"

माझी मान वर व्हईना. सायेबांची जीप गेली, तरी मी भोपळा पुसत बसलो. वहिनीनं अण्णाला ताट वाढलं, त्यात ठेचा वाढला. आता त्याला मिरची चालनार होती.

मी म्हनलो, "अण्णा, रेडिओवर तुजं बी नाव सांगा म्हनतो मी सायेबांना."

अण्णा भाकर मोडत होता. वहिनीच बोलली.

"नाव ऱ्हाऊ दे तुज्यापाशीच. आजवर ह्यांच्या गाण्यावर जगलास, आता ह्यांच्या गप बसन्यावर जग. चल, हात धू आन जेव."