सव्वानऊच्या चाळीस टोप्या

भरतकामाच्या दुकानातल्या मावशी घड्याळं दुरुस्त करतात हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि जुन्या घड्याळांच्या ऑनलाइन मंडळात कुणाला मावशी ठाऊक नव्हत्या. तिथे त्या 'लंबक' होत्या. नाव नोंदवताना समोरच्या भिंतीवर जे हलत होतं तेच त्यांनी लिहून टाकलं. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी 'लंबकराव' म्हणून साद घातली. मावशींनी ते तसंच चालू दिलं, आणि सहा वर्षांत लंबकराव म्हणजे मंडळाचे खाष्ट सासरे होऊन बसले. अडकलेल्या चाकाला कुणी कोचलं की त्याची धडगत नसे. लोक निमूट ऐकायचे, कारण त्यांच्या सांगण्याने घड्याळ खरंच चालू व्हायचं.

मग मंडळाने पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटायचं ठरवलं आणि सगळ्यांसाठी चिन्हाच्या टोप्या करायची टूम निघाली. 'माझ्या ओळखीत भरतकाम करणाऱ्या एक बाई आहेत,' असं लिहून लंबकरावांनी काम घेतलं. थाप म्हणाल तर थाप, पण बाई ओळखीच्या होत्या हे खोटं नव्हतं.

मंडळाचं चिन्ह होतं घड्याळाची तबकडी. पडद्यावर तिचे बारीक आकडे झकास दिसत. टोपीवर भरले तर मुंग्यांचा पुंजका. मावशींनी आकडे काढून बारा जाड टाके घातले. टोपीच्या समोर मधोमध उभी शिवण असते, तिच्या रेषेत भरत गेलं तर सुई मोडते. म्हणून काटे आडवे घेतले, सव्वानऊचे. दोन्ही एका सरळ रेषेत, दोरा न तोडता, एका दमात. चळत इतकी देखणी झाली की सुनेने एक टोपी घालून आरशात तीनदा पाहिलं.

चाळिसावी हातात घेतली तेव्हा कुठे मावशींच्या लक्षात आलं. सव्वानऊला तासकाटा बरोबर नवावर कसा असेल? तो दहाकडे सरकलेला हवा. याच चुकीवरून त्यांनी मंडळात एका शाळामास्तरांची खरडपट्टी काढली होती. उसवावं तर कापडाला भोकं राहणार.

टोप्या कुरिअरने पाठवू, लंबकरावांची तब्येत बरी नाही असं कळवू, असं त्यांनी ठरवलं. खरं सांगायचं तर टोपी हे निमित्त होतं. मान होता तो लंबकरावांना. सुईदोऱ्याच्या बाईला तो कोण देणार, ही धास्ती सहा वर्षांची होती. सुनेने मात्र टोप्या पिशवीत भरल्या आणि पिशवी सासूच्या हातात दिली.

"आई, चूक झाली म्हणून कान धरायला तरी लंबकराव तिथे हवेत ना?" ती म्हणाली.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत तीस-पस्तीस माणसं जमली होती. भरतकामवाल्या बाई म्हणून मावशींनी टोप्या वाटल्या आणि जो तो टोपी हातात फिरवून बघू लागला. प्रत्येकाच्या नजरेला ते खुपलं होतं, पण भिडेखातर कुणी बोलेना. शेवटी एक निवृत्त घड्याळजी उठले.

"बाई, काम सुरेख आहे तुमचं. पण तासकाटा पाव घर पुढे हवा. हे लंबकरावांच्या नजरेतून सुटलं कसं?"

"सुटलं, कारण मी कापडाकडेच बघत बसले," मावशी म्हणाल्या. "लंबक मीच आहे."

कुणी हसेल म्हणून त्या थांबल्या. कुणी हसलं नाही. घड्याळजींनी त्यांना नीट न्याहाळलं. 'आधी तेल पुसा, मग बोला' असं आपल्याला लिहिणारे लंबकराव ते तुम्हीच का, असं त्यांनी विचारलं.

"मीच. आणि तेल फारच होतं."

आता मात्र हशा पिकला, घड्याळजींचा सगळ्यांत मोठा. त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, शेजारची खुर्ची मावशींसाठी ओढली आणि फडक्यात गुंडाळलेलं एक टेबलावरचं घड्याळ त्यांच्यापुढे ठेवलं.

"पुसलं हो ताई तेल. तरी दिवसाला चार मिनिटं मागे पडतंय. बघा बरं जरा."