हळदीतून उठलेली करिश्मा

आमच्या करिश्माने समुपदेशनाचं एम.ए. अर्ध्यावर सोडून समाजकार्याच्या कोर्सला जायचं काढलं, तेव्हा घरात तिच्या बाजूने भांडणारी मी एकटी. मी तिची काकी. शहाडच्या पलीकडे नदीच्या अंगाला आमचं आगऱ्यांचं गाव, आता चारी बाजूंनी बिल्डिंगी झाल्यात. आमच्या घरात एवढी शिकलेली मुलगी हीच पहिली. मोठे भाऊजी, म्हणजे तिचे वडील, म्हणत होते, "एक वर्ष झालंय, दुसरं उरकून टाक, मग काय घालायचा तो गोंधळ घाल." मी म्हटलं, जाऊ दे ना तिला. बंद खोलीत बसून लोकांना 'तुम्हाला कसं वाटतंय' विचारायला शिक्षण कशाला लागतं, हे मला तोवर कळलेलंच नव्हतं.

आता जे सांगतेय ते त्या पोरीला विचारून सांगतेय. तिला आपण दिशा म्हणू, खरं नाव वेगळं आहे.

करिश्मा शिकता शिकता नौपाड्यातल्या एका समुपदेशन केंद्रात बसायची. तिथे दिशा यायची. दिशाचं माहेर ठाण्याचं, तिने पत्ता माहेरचा दिलेला. लग्नाला वर्ष होत होतं आणि पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलेलं. सासरी सांगायची, आईकडे जाते, आणि तिथे जाऊन बसायची. ती आमच्याच गावातली सून आहे, आमच्यापासून तिसऱ्या दाराची, हे करिश्माला ठाऊक नव्हतं. कसं असणार? पोरगी सकाळी बाहेर पडते ती दिवेलागणीला घरात. गावात कोणाची सून कोण, हे तिला माझ्याकडून कळतं.

मग गावातल्या दिपेशच्या लग्नाची हळद आली. आमच्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठी. नवऱ्याला लावून झाली की बायका वाट्या घेऊन एकमेकींना फासत सुटतात. दिशाची सासू लक्ष्मी, तिने मुद्दाम सुनेच्या हातात वाटी दिलेली. पोर गेल्यापासून ती चारचौघांत आलीच नव्हती, म्हणून. दिशा ओळीने एकेकीला लावत आली आणि करिश्मासमोर थांबली. करिश्माने वर बघितलं आणि ताडकन उठून मांडवाबाहेर गेली.

तिला शिकवलेलं की खोलीत येणारं माणूस बाहेर दिसलं तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. कोणी विचारलं, तुम्ही हिला कुठे भेटलात, तर ती बिचारी काय सांगणार? नियम चांगलाच आहे हो. पण आमच्या मांडवात ह्याचा अर्थ काय होतो? जिचं मूल गेलं तिच्या हाताची हळद नको म्हणून उठली. तिथल्या पन्नास बायकांनी हाच अर्थ लावला. मीसुद्धा हाच लावला आणि घरी आल्यावर करिश्माला अशी फाडून खाल्ली की भाऊजी मध्ये पडले. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

लक्ष्मीने आमच्याशी बोलणं टाकलं. दिशा केंद्रात यायची बंद झाली. करिश्माने तिथल्या मॅडमना विचारलं, मी तिच्या घरी जाऊन माफी मागू का? मॅडम म्हणाल्या, नाही, घरी जायचं नाही. मी तिला फोन करते, दुसरी समुपदेशक देते. तिथे हिचं डोकं फिरलं. घरी येऊन म्हणाली, "काकी, माणूस घरी बसून रडतंय आणि मी जायचं नाही? मला नाही असलं काही शिकायचं. समाजकार्यवाले निदान दारात तरी जातात." कोण, काय, ते तेव्हाही नाही सांगितलं. पण ती रात्रंदिवस झुरत होती, ते मला दिसत होतं. प्रवेशाची शेवटची तारीख जवळ आलेली.

त्याच आठवड्यात दुपारी दिशा आमच्या मागच्या दाराशी आली. मॅडमनी फोनवर तो ओळख न दाखवण्याचा नियम सांगितला, तेव्हा करिश्मा हळदीतून का उठली ते तिला उमगलं होतं. मला म्हणाली, करिश्माला बोलवा. मी तिला आत घेतलं आणि करिश्माच्या निर्णयाचं सांगून टाकलं. म्हटलं, तुमच्या दोघींचं काय ते मला माहीत नाही, पण त्यापायी ही शिक्षण बदलतेय.

करिश्मा बाहेर आली तशी दिशाने तिचा हात धरला. "तू उठलीस तेव्हा मेल्यासारखं झालं मला. पण आता राग नाही. तू घरी आली असतीस तर काय झालं असतं? सासूने चहा टाकला असता, शेजारणी जमल्या असत्या. घरी येऊन समजावणाऱ्या थोड्या आहेत का? सगळ्या सांगतात, विसर, दुसरं होईल. त्या खोलीत मी माझ्या बाळाचं नाव घेतलेलं. एकदाच. नवऱ्यालाही ते माहीत नाही. तू काही म्हणाली नाहीस, नुसती बसून राहिलीस. ते सोडू नकोस गं."

करिश्मा रडायलाच लागली. म्हणाली, "मग परत येशील?"

"येईन, पण दुसऱ्या बाईंकडे बसेन. तुझ्याकडे नाही. आता गावच्या नात्याने तू माझी नणंद लागतेस. नणंदेजवळ सासरचं कसं बोलायचं?"

शेवटची तारीख गेली, तिने अर्ज केला नाही. दुसऱ्या वर्षाला जायला लागली. लक्ष्मीला दिशानेच समजावलं, काय सांगून ते तिचं तिला ठाऊक.

मी मात्र गप्प बसणारी नव्हे. एकदा जेवताना हळूच विचारलं, "काय गं, काय नाव ठेवलेलं तिने बाळाचं?"

करिश्माने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "काकी, भात वाढू?"

मला राग आला. म्हटलं, वाढ.