बकरी फुगली तो दिवस

हृदयात जाळी बसवून नागपूरहून परतलो, तेव्हा मुलीनं यवतमाळच्या आमच्या घराला कुलूप लावलं आणि मला दिग्रसला तिच्या घरी आणलं. बायको गेल्यापासून मी त्या घरात एकटाच होतो. "आता एकटं ठेवणार नाही," एवढंच ती म्हणाली.

लेकीच्या घरी बापानं पाहुणा म्हणून जावं, मुक्काम ठोकू नये, असं ऐकत मी मोठा झालो. शिवाय छातीची भीती बसली होती. दोन बोटं सारखी मनगटावर. जेवताना साधा ठसका लागला तरी वाटायचं, आलं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. मी फाटकापर्यंत जायचो आणि परत यायचो. रस्त्यात पडलो तर?

मुलगी शाळेत शिकवते. जावई जिनिंगमध्ये, कापसाच्या हंगामात तो अंधार पडल्यावरच घरी येई. दिवसभर घरी मी आणि जावयाची आई. घरातले, शेजारचे, सगळे तिला याडी म्हणतात. त्यांच्या बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. नवरा वारल्यावर तांड्यावरचं घर थोरल्याकडे सोपवून ती इथं आली, आणि येताना एक काळी बकरी घेऊन आली. ती मला इवाई म्हणते, म्हणजे व्याही. आमचं दोघांचं बोलणं चहापुरतं. मुलीशी तर गोळ्यांपुरतंच उरलं होतं.

"सकाळची घेतली?"

"घेतली."

त्या दिवशी याडीनं दळणाची ज्वारी अंगणात चादरीवर वाळत घातली आणि ती आंघोळीला गेली. मी आत पेपर वाचत होतो. बकरीनं खुंटा उपटला. याडी बाहेर आली तेव्हा चादर अर्धी मोकळी झाली होती. तिनं बकरीला चार शिव्या घातल्या, पुन्हा बांधलं. दुपारी बघतो तर बकरी मान खाली घालून उभी. डावी कूस ढोलकीसारखी वर आलेली, दात करकर वाजत होते. बकरी गाभण होती.

याडी मटकन खाली बसली. "इवाई, हे मरते आता. तांड्यावर माही एक अशीच गेलती."

जावयाला फोन लावला. यंत्रांच्या आवाजात त्याला ऐकू गेला नसावा. मग मुलीला लावला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला.

"बाबा? काय झालं तुम्हाला?"

"मला काही नाही. बकरी फुगली."

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती हसत होती की रडत होती, कळेना. "बकरी," ती म्हणाली. "बरं. बकरी. मी डॉक्टरांना लावते."

जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या गावी गेले होते. ते येईपर्यंत काय करायचं ते त्यांनीच फोनवर सांगितलं. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून हळूहळू पाजा, मान फार वर करू नका, नाहीतर फुप्फुसात जाईल. डावी कूस चोळत राहा. आणि चालवा, बसू देऊ नका.

याडीनं जबडा धरला, मी बाटली लावली. निम्मं पाणी याडीच्या लुगड्यावर सांडलं. बकरीला ठसका लागला आणि माझाच श्वास अडकला. मग चालवणं आलं. याडीचे गुडघे गेलेले, म्हणून दोर मी घेतला. फाटकातून बाहेर, रस्त्यानं चिंचेपर्यंत, आणि परत. बकरी पुढचे पाय मुडपून बसू पाही. याडी मागून लंगडत येऊन तिला ढकलायची. "चाल माय, चाल." मधेच ती आपल्या बोलीत काही पुटपुटायची. ते मला समजत नव्हतं; रडवेली झाली होती, एवढं कळत होतं.

स्कूटी येऊन थांबली. मुलीच्या हाताला अजून खडू होता.

"बाबा, सोडा तो दोर! तुम्ही बसा."

"बसली तर मरेल ती."

"मी तुमच्याबद्दल बोलून राह्यली!" ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता.

"चालू दे त्यायले," याडी म्हणाली. "थांबले तं अजून भेव वाटते."

मुलगी बकरीच्या दुसऱ्या बाजूनं कूस चोळत चालू लागली. चिंचेपाशी वळताना म्हणाली, "फोनवर तुमचं नाव दिसलं आणि पुढचं सगळं डोळ्यांपुढे आलं. कोणाला बोलवायचं, गाडी कुठून आणायची. वर्गात फोन समोरच ठेवते मी. रोज."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्हीच एवढे घाबरलेले. तुम्हाला काय सांगू?"

मीही मग बोललो. म्हटलं, मरणाची भीती वाटतेच, पण इथं, तुझ्या सासरच्या दारात काही झालं तर, त्याची जास्त वाटते.

"दार कोणाचं बाबा?" ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मागून याडी ऐकत होती. "येडे हायेत इवाई," एवढंच ती म्हणाली.

तेवढ्यात बकरीनं लांबलचक ढेकर दिला. असा आंबूस घाण वास आला की आम्ही तिघंही तोंड फिरवून उभे राहिलो, आणि तरी पुढच्या ढेकराची वाट बघत होतो.

डॉक्टर ऊन कलल्यावर आले. इंजेक्शनं दिली. "ही वाचेल," म्हणाले, "पोटातल्याचं मात्र आत्ता सांगता येत नाही."

ते वाक्य घरात राहिलं. बकरीनं दोन दिवस पाल्याला तोंड लावलं नाही. मग एका सकाळी अंगणातून हाक आली, "इवाई, रवंथ करून राह्यली!" मी अनवाणीच धावलो. पिल्लू उजव्या कुशीला हाताला लागतं, हे याडीनं दाखवलं. तेव्हापासून रोज मी तिथं तळवा ठेवायचो. कधी हालचाल लागायची, कधी नाही. नाही लागली की दिवसभर जेवण गोड लागत नसे. शाळेत निघताना मुलगीही वाकून हात लावायची आणि माझ्याकडे बघायची. "लागलं?" "थोडंसं."

संक्रांतीनंतर एका दुपारी बकरी व्याली. एकच पिल्लू, मुठीएवढं, काळं, डोक्यावर पांढरा ठिपका. याडीनं गोणपाटानं ते खसाखसा पुसलं, तोंडातला चिकटा काढला, सडाला लावलं. ते ओढेना. मुलीला मी कळवलं होतं; मधल्या सुट्टीत तिचा फोन आला, "उभं राहिलं?" "नाही अजून." शाळा सुटायच्या आधी पुन्हा आला. तेव्हा ते उभं होतं, चारही पाय फाकवून, आणि मी उत्तर देईपर्यंत पडलं.

आता ते दूध पितं, पण कमी. थंडी फार पडते आहे आणि बाहेर कुत्री फिरतात, म्हणून ते माझ्या खोलीत टोपल्याखाली असतं. बराच वेळ आवाज आला नाही की मी टोपलं उचलून बघतो. "झोपू द्या ना त्याले," याडी बाहेरून ओरडते. मी टोपलं ठेवतो, आणि थोड्या वेळानं पुन्हा उचलतो.