पेन थांबता कामा नये

आमच्या क्लबाच्या अर्जातला नववा प्रश्न माझा आहे: 'तुमच्या गटाचा सगळ्यात मोठा दोष कोणता?' क्लब म्हणजे नागपुरातल्या साठीच्या आसपासच्या माणसांचा साधा सेवाभावी क्लब. वर्षातून एकदा आम्ही पाच-सहा लहान गटांना छोटी अनुदानं देतो. उमरेडकडच्या विणकरांना माग दुरुस्तीसाठी, एखाद्या वस्तीतल्या वाचनालयाला कपाटासाठी, असं. हा प्रश्न अर्जात घालावा म्हणून मी बैठकीत चांगला तासभर भांडलो होतो. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, पोरांच्या थापा ऐकल्या, त्यामुळे माणूस स्वतःविषयी किती खरं बोलतो यावरूनच त्याची पारख होते, असा माझा विश्वास. पण उत्तरं काय यायची? 'आम्ही फार मनमिळाऊ आहोत.' 'आम्ही काम करताना तब्येतीकडे लक्ष देत नाही.' वा रे वा! हा दोष झाला की लग्नाचा बायोडाटा? दरवर्षी अर्ज वाचताना माझं डोकं तापायचं आणि बायको म्हणायची, प्रश्नच काढून टाका, बीपी तरी वाढणार नाही.

गेल्या वर्षी नागपुरातल्याच महाल भागातून एक अर्ज आला. अक्षर सुरेख, एकही खाडाखोड नाही. आठ-दहा गृहिणींचा गट. अंध विद्यार्थ्यांच्या परीक्षेत लेखनिक म्हणून बसायचं, म्हणजे विद्यार्थ्याने तोंडी उत्तर सांगायचं आणि यांनी ते पेपरात उतरवायचं, हे त्यांचं काम. एक पैसा घेत नाहीत. आता त्यांना पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची होती, त्यासाठी चांगला माईक आणि खोलीला जाड पडदे हवे होते. मोबाईलवर करून पाहिलं, पण गल्लीतल्या गाड्यांचे हॉर्न पुस्तकात शिरतात, असं लिहिलं होतं. मला हसू आलं. मग नवव्या प्रश्नाशी आलो.

'या काकू उत्तर येत असलं तरी सांगत नाहीत. मागच्या वर्षी बी.ए.च्या शेवटच्या पेपरात मी वसईच्या तहाच्या जागी सालबाईचा तह सांगितला. चुकलं हे काकूला कळलं होतं. तरी तिने तसंच लिहिलं. मी नापास झाले.'

मी तीनदा वाचलं. उत्तराखाली कंसात होतं, 'सांगणारी आमची अंध विद्यार्थिनी, लिहिणारी तीच काकू', आणि तिची सही. म्हणजे पोरीने हिच्याविरुद्ध तक्रार सांगितली, आणि हिने ती त्याच सुरेख अक्षरात, एक शब्द इकडचा तिकडे न करता, उतरवून घेतली! आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा.

आमच्या समितीत आम्ही चौघं. नियम असा की एकाचाही नकार असला तर अर्ज बाद. दोघं तयार होते. तिसरे आमचे इतवारीतले कापडाचे व्यापारी, त्यांना सगळे शेठ म्हणतात. ते म्हणाले, "जिच्यासाठी काम करून राहिल्या तीच पोरगी नाराज, तर आपण काहून द्यायचं? अन् मास्तर, चार शब्द सांगितले असते त्या बाईनं तर कोणाचं काय बिघडलं असतं?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "शेठ, कॉपी म्हणतात त्याला, कॉपी!"

"आंधळ्या पोरीला मदत केली तर कॉपी? कमाल आहे!"

आवाज इतके चढले की चहावाला दारातच थांबला. शेवटी ठरलं, आम्ही दोघांनी जाऊन बघायचं. निर्णयाआधी गटाचं काम डोळ्यांनी बघायचं, ही आमची पद्धतच आहे.

महालातल्या अरुंद गल्लीत शेठनी गाडी लावायला जागा शोधेपर्यंत आमचं दुसरं भांडण झालं. वर माडीवर खोली. चटईवर सहा बाया कागद घेऊन बसलेल्या, सातवी समोर उभी राहून काहीतरी सांगत होती आणि त्या लिहीत होत्या. ऐकतो तर काय, सगळं चूक! सूर्य पृथ्वीभोवती फिरतो, पाणी साठ अंशाला उकळतं. बाया माना खाली घालून झरझर लिहीत होत्या.

"हे काय चालू आहे?" मी विचारलं.

"सराव करून राहिलो सर," अर्ज लिहिणारी काकू म्हणाली. पन्नाशीची, बारावी शिकलेली, दारातच आमचं स्वागत केलं होतं तिने. "चुकीचं ऐकूनही पेन थांबला नाही पाहिजे, त्याचा सराव. या पोरांचे कान भल्ले तेज राहते. आपला पेन जराकसा अडकला का त्याईले समजते का चुकलं. मग ते सांगितल्यासारखंच झालं ना? श्वास बदलला तरी समजते."

मी चकित झालो. परीक्षांना सुपरवायझर म्हणून किती फिरलो असेन, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

कोपऱ्यात तक्रार सांगणारी मुलगी बसली होती. रामटेकजवळच्या खेड्यातली, वडील धान पिकवतात, ही नागपुरात वसतिगृहात राहून शिकते. शेठनी सरळ तिलाच विचारलं, "बेटा, काकूला चूक कळली होती, हे तुला कसं कळलं?"

"काकूचा पेन थांबला होता," ती म्हणाली. "उलसाक, जराकसा. मग चालला. मले समजलं काहीतरी चुकलं, पण काय ते समजेना. मी घाबरली, पुढचं सारं गेलं."

काकूची मान खाली गेली. "हाव सर. खरा दोष तो हाये. दोन वर्षांआधी दुसऱ्या एका पोट्ट्याचा तोच प्रश्न मी लिहिला होता, म्हणून ध्यानात आलं. तिनं सालबाई म्हटलं अन् माझा हात अडकला. पेपर झाल्यावर बाहेर येऊन मीच तिले सांगितलं का माझ्यानं असं झालं. अर्जात ते सांगायचं तिनं टाळलं. मी म्हटलं सांग, ते बी लिहितो. ऐकलं नाही." त्या दिवसापासून काकूने परीक्षेत लिहिणं सोडलं होतं. बाकीच्यांचा सराव घ्यायची, स्वतः बसत नव्हती.

आणि पोरीचा राहिलेला पेपर उन्हाळ्यात होता. या खेपेला निघाला नाही तर घरी परत ये, असं वडिलांनी बजावलं होतं. बी.एड. करायचं, मास्तरीण व्हायचं, ते सगळं त्या एका पेपरावर टांगलेलं. तिला लेखनिक म्हणून हीच काकू हवी होती.

"बाकीच्या काकू काय वाईट आहेत?" मी विचारलं.

"नाही सर, चांगल्याच हायेत. पण गावात सारे म्हणते, आंधळी पोट्टी काय पास होते, लिहिणारीनंच लिहिलं असेल. जिनं माझं चुकलेलं तसंच ठेवलं अन् मले नापास होऊ दिलं, तिच्या हातानं पास झाली तर कोणाचं तोंड आहे बोलायचं?" मग काकूकडे वळून म्हणाली, "मी रागावली हाये तुह्यावर. पण मले तूच पाहिजे."

शेठनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मास्तर, घ्या परीक्षा बाईंची. तुम्हीच सांगा चूक."

काकू नाही नाही म्हणत होती. पोरीने हात धरून खाली बसवलं, कागद पुढे सरकवला. मी उभा राहिलो आणि वसईच्या तहावर उत्तर सांगू लागलो, मुद्दाम सगळं चुकीचं. फक्त कागदावर पेन चालल्याचा आवाज. पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं. पेन चालतोय. चौथ्या वाक्याला मी पेशव्यांना थेट पानिपतावर धाडलं आणि माझीच जीभ अडखळली. जन्मभर ज्या चुकांवर लाल रेघा मारल्या त्या स्वतःच्या तोंडाने सांगायच्या म्हणजे काय!

पोरगी खदखदून हसली. "काकू नाही थांबली, सरच थांबले!"

शेठ तर मांडी थोपटून हसले. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं, पण मीही हसलो. जिन्यावरून उतरताना शेठ म्हणाले, "माझा होकार लिहा. अन् पडदे अनुदानात घालू नका, ते माझ्या दुकानातून जातील. मी कॉपी म्हटलं नव्हतं, ते तुम्ही म्हटलं होतं." शेवटचा शब्द त्यांचाच असायला हवा, त्याशिवाय जेवण पचत नाही त्यांना. तरी मी सांगतो, असा मोकळ्या मनाने पालटणारा माणूस आमच्या क्लबात दुसरा नाही.

माईक आला, पडदे लागले आणि वाचायला मीही जाऊ लागलो. एप्रिल-मे महिना, नागपूरचं ऊन. कूलर लावला तर त्याचा आवाज येतो, पंखा लावला तर पानं फडफडतात. तेव्हा सगळं बंद करून, गळ्यात टॉवेल टाकून आम्ही इतिहास वाचला. बाया घरचा स्वयंपाक उरकून दुपारी यायच्या, एकेक धडा वाचून पुन्हा कामाला पळायच्या. कोणी कधी आपण मोठं काही करतोय असं बोललं नाही. मला त्या बायांचा फार अभिमान वाटायचा, आणि थोडी लाजही, की आपण इतकी वर्षं वर्गात नुसते ओरडलो. पेपरात सांगता येत नाही तर पेपराच्या आधी सांगावं, एवढं साधं त्यांना सुचलं. पोरगी कानात ते लावून फिरायची. काकूने लिहायला बसायचं कबूल केलं, पण शेवटच्या दिवसापर्यंत तिला झोप नव्हती.

पेपराच्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकाशी लिंबाखाली उभा राहिलो. काय काम होतं तिथे माझं? काही नाही. घरात बसवेना.

काकू आधी बाहेर आली, पोरगी सही-अंगठ्यासाठी आत थांबली होती. तिचा चेहरा बघून मी पुढे धावलो.

"गेला का पेपर?"

"तैनाती फौजेवर प्रश्न होता सर. तिनं संस्थानं खालसा करायचं धोरण सांगायले सुरुवात केली. पहिल्याच वाक्यात मले समजलं. दीड पान सांगितलं तिनं. मी दीड पान लिहिलं." तिने लिंबाला पाठ टेकली. "मग तीच थांबली. म्हणे, काकू, हे त्या धड्यातलं नाही. खोड सारं. मी खोडलं सर. दीड पान खोडलं. अन् मग तिनं बरोबर सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

आणि ती माउली तोंडात पदर धरून रडायला लागली. मी आपला उगाच रस्त्याकडे बघत उभा राहिलो, माझे डोळे काही कोरडे नव्हते. निकाल लागायचा होता अजून.

तेवढ्यात पोरगी काठी टेकत आली. काकूचा आवाज ऐकून बरोबर तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काकू, खरं सांग. तुले कधी समजलं होतं चुकलं म्हणून?"

"पहिल्याच वाक्याले."

पोरीने काठी टाकून दिली आणि दोन्ही हातांनी काकूचा चेहरा धरला. "मले समजलंच नाही वं काकू," ती म्हणाली, "काहीच समजलं नाही!"